उलटी सरी : एन्सेलॅडसच्या मराठी नकाशाचं प्रकरण

आमची माध्यमिक शाळा कोरेगाव तालुक्यात आहे आणि मी तिथे विज्ञान शिकवतो. गेल्या वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीतल्या तीन मुलांनी आणि आठवीतल्या एका मुलीनं शनीच्या एन्सेलॅडस या चंद्राचा सहा बाय चार फुटी नकाशा करायला घेतला. अट त्यांचीच होती : नकाशावर इंग्रजी अक्षर दिसता कामा नये. मी मनात म्हटलं, आठवड्याचं काम. नावं आयती मिळतात, देवनागरीत उतरवायची, फ्लेक्सवाल्याकडे टाकायची, झालं. प्रत्यक्षात सात आठवडे गेले, फ्लेक्स दोनदा छापावा लागला आणि मराठीच्या मॅडम व मी चार दिवस एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो. पुढच्या वर्षी गुरूच्या युरोपाचा नकाशा करायचा बेत आहे. तेव्हा तेच घोळ पुन्हा नकोत, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

आधी या चंद्राबद्दल थोडं. एन्सेलॅडसचा व्यास जेमतेम ५०४ किलोमीटर आहे. साताऱ्याहून मुंबईला जाऊन परत आलात की तेवढं अंतर होतं. विल्यम हर्शेलनं तो १७८९ मध्ये शोधला आणि त्याच्या मुलानं, जॉन हर्शेलनं, १८४७ मध्ये त्याला ग्रीक पुराणातल्या एका राक्षसाचं नाव दिलं. त्याचं सगळं अंग बर्फाचं आहे, आणि तो बर्फ इतका स्वच्छ की सूर्यमालेत याच्याइतका उजेड परतवणारा दुसरा गोळा नाही. १९८०-८१ मध्ये व्हॉयेजर यानांनी त्याचे पहिले बरे फोटो पाठवले. लगोलग १९८२ मध्ये तिथल्या विवरांना आणि खाचाखोचांना पहिली नावं मिळाली.

ही नावं कुणालाही मनाला येईल तशी देता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेचा त्यासाठी एक कार्यगट आहे. दर ग्रहाला आणि दर चंद्राला एक विषय ठरवून दिलेला असतो आणि नावं त्याच पोतडीतून काढायची. गुरूच्या कॅलिस्टोला उत्तर युरोपातल्या पुराणकथा, शनीच्या टेथिसला होमरचं ओडिसी, मिमासला राजा आर्थरच्या कथा. एन्सेलॅडसच्या वाट्याला आल्या आपल्याकडेही पिढ्यान् पिढ्या वाचल्या गेलेल्या अरबी सुरस कथा, आणि त्याही रिचर्ड बर्टननं इंग्रजीत आणलेल्या. त्यातही एक पोटरिवाज आहे : विवरांना माणसांची नावं आणि बाकीच्या भूरूपांना गावांची. म्हणून अलीबाबा, अल्लाउद्दीन, सिंदबाद ही सगळी विवरं आहेत, आणि बगदाद, कैरो, दमास्कस, समरकंद हे खाचांच्या नशिबी आले. शहरजाद आणि तिची बहीण दुन्याजाद यांची विवरं शेजारी शेजारी आहेत. गोष्टीतही धाकटी जवळ बसून 'पुढं काय झालं?' विचारते म्हणून तर एक हजार एक रात्री निघतात. नाव देणाऱ्यांपैकी कुणीतरी मन लावून वाचलेलं दिसतं.

आता पहिला फ्लेक्स.

त्यात ढोबळ चूक रेखांशांची होती. ती सांगून टाकतो, कारण ती लवकर कळली आणि लवकर मिटली. अधिकृत सूचीत रेखांश पूर्वेकडे मोजलेले हवेत की पश्चिमेकडे, हे निवडता येतं. एका मुलानं पश्चिमेचे आकडे वहीत उतरवले, दुसऱ्यानं ते पूर्वेचे समजून खुणा केल्या. एन्सेलॅडसवर सालिह नावाचं एक विवर आहे. त्याचा रेखांश ५ अंश पश्चिम असं ठरवून टाकलंय आणि बाकी सगळ्यांचे रेखांश त्याच्या हिशेबानं निघतात, गावातल्या मोजणीच्या दगडासारखं. आमच्या नकाशात सालिह ५ अंश पूर्वेला गेला. फरक दहा अंशांचा, म्हणजे त्या चंद्राच्या विषुववृत्तावर चव्वेचाळीस किलोमीटर, आणि नकाशावर बोटाच्या पेरापेक्षा थोडा जास्त. कुणाच्याच लक्षात आलं नाही. पण शून्य रेषेपासून जितकं लांब जावं तितकी चूक वाढते, आणि उत्तरेकडे अलीबाबा व अल्लाउद्दीन ही नावं भलत्याच जागी जाऊन बसली. दोन्ही विवरं पस्तीस-चाळीस किलोमीटरची, फोटोत एकमेकांना खेटून ठळक दिसतात. आठवीतली मुलगी म्हणाली, "सर, चाळीस चोर हितं कुठं लपणार? खड्डाच न्हाई." साडेतीनशे रुपयांचा फ्लेक्स तिथेच वाया गेला. फ्लेक्सवाल्याचा यात काही दोष नाही, त्यानं आम्ही दिलं तसं छापलं.

दुसरी चूक जास्त खोलातली होती आणि पुढचे पाच आठवडे तिनंच खाल्ले.

प्रत्येक अधिकृत नावाचे सहसा दोन तुकडे असतात. पहिलं खास नाव, दुसरं जातीचं : दमास्कस सल्कस, बॅसोरा फॉसा, सरनदीप प्लॅनिशिया. दुसरा शब्द लॅटिन असतो आणि तो भूरूपाचा आकार सांगतो. फक्त विवरांना तो लागत नाही, ती नुसत्या नावानं ओळखली जातात. मुलांना हे माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हतं. सूचीत एका जागी 'सल्कस' आणि दुसऱ्या जागी 'सल्काय' दिसलं, म्हणून मुलांनी दोन वेगळी भूरूपं समजून सूचिपट्टीत त्यांना दोन वेगळे रंग दिले. सल्काय हे सल्कसचं अनेकवचन. एक असेल तर दमास्कस सल्कस, झुबका असेल तर समरकंद सल्काय. वर एका शब्दकोशातून क्रेटरला 'ज्वालामुख' उचलला होता. म्हणजे आमच्या नकाशावर अलीबाबा हा ज्वालामुखी झाला होता! तिथले असले खड्डे बाहेरून येऊन आदळलेल्या दगडांनी पडलेत. 'विवर' म्हटलं की निदान खोटं तरी बोलत नाही.

तेव्हा ठरवलं की जातीचे शब्द मराठीत आणायचे. पाठ करून विसरण्यासाठी फॉसा आणि रूपीस लिहायचं, तर मराठी नकाशा कशाला?

काही शब्द चुटकीसरशी मिळाले. फॉसा म्हणजे लांबट, अरुंद खोलगट पट्टा. आमच्या भागात उन्हाळ्यात ज्यांनी डोंगरावर श्रमदान केलंय त्यांना सलग समतल चर माहीत आहेत. फॉसा म्हणजे चर. रूपीस म्हणजे कडा, महाबळेश्वराच्या पायथ्याच्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. कॅझमा म्हणजे खोल दरी. प्लॅनिशियाला एकानं झोकात 'माळ' सुचवलं, आणि ते सगळ्यांना आवडलं. मग लक्षात आलं की युरोपानंतर कधी गुरूचाच गॅनिमीड हा चंद्र केला तर कॅटिना येणार. कॅटिना म्हणजे एका ओळीत पडलेल्या विवरांची रांग. तिला माळ म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? गॅनिमीडवरची एन्की कॅटिना तर तेरा मण्यांची आहे. एक माळ उघडी, एक ओवलेली, अक्षरं तीच. शेवटी प्लॅनिशियाला बिचारं 'मैदान' मिळालं आणि माळ कॅटिनासाठी राखून ठेवली.

अडलं ते सल्कसपाशी.

एन्सेलॅडसच्या दक्षिण ध्रुवाजवळ चार मोठ्या समांतर खाचा आहेत. अलेक्झांड्रिया, कैरो, बगदाद, दमास्कस. प्रत्येकीची लांबी साधारण १३० किलोमीटर, रुंदी दोन, खोली अर्धा किलोमीटर आणि दोघींतलं अंतर सुमारे ३५ किलोमीटर. साताऱ्याच्या हिशेबात : कोल्हापूरपर्यंत लांब आणि साताऱ्यापासून वाईइतकी दूर दुसरी. २००५ मध्ये कॅसिनी यानानं या भागातून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण अवकाशात उसळताना पाहिले. पुढे मोजले तेव्हा असे फवारे शंभराच्या आसपास भरले. बर्फाच्या कवचाखाली खारट पाण्याचा समुद्र आहे आणि त्याचंच पाणी या खाचांतून बाहेर पडतं. शनीचं ई नावाचं विरळ कडं त्याच कणांवर पोसलंय. शास्त्रज्ञ या खाचांना आधी नुसतंच 'वाघाचे पट्टे' म्हणत. अभ्यासात वारंवार उल्लेख यायला लागला तेव्हा, २००६ मध्ये, त्यांना रीतसर नावं मिळाली. नाव देण्याची पद्धतच अशी आहे : दिसलं म्हणून नाव देत नाहीत, गरज पडली की देतात.

'वाघाचे पट्टे' ऐकल्यावर वर्गात जे व्हायचं ते झालं. आमच्या तालुक्याचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकन मिळवून बसलाय, आणि त्याचं नाव त्याच्या दाण्यावरच्या पट्ट्यांवरून पडलंय. "सर, वाघ्याच लिहूया!" मी नको म्हटलं. टोपणनाव ते टोपणनाव, बारशातलं नाव वेगळं. तरी ते नकाशाच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरात छापायला मी परवानगी दिली, हेही कबूल करतो.

मग दोन शब्द उरले : भेग आणि खाच. मॅडमना 'भेग' हवा होता आणि त्यांचं म्हणणं बिनतोड वाटत होतं. बर्फ तडकलाय, त्यातून पाणी येतंय, टाचेच्या भेगेतून रक्त येतं तसं. वाचणाऱ्याला एका शब्दात चित्र दिसतं. मी 'खाच' धरून बसलो होतो, पण माझ्याकडे कारण नव्हतं, फक्त हट्ट होता.

कोंडी फोडली ती शिपाईमामांनी. दुपारी प्रयोगशाळेत चहा घेऊन आले, भिंतीवरचा दक्षिण ध्रुवाचा फोटो बघून थबकले.

"सर, ह्या सऱ्या कुनी सोडल्यात?"

मामांचा अर्धा एकर ऊस आहे. मी म्हटलं, "मामा, त्या शनीच्या चंद्रावरच्या आहेत."

"आसूद्या की. सरीच हाय. ह्यो मधी वरंबा आला. दोन सरीत अंतर किती?"

"पस्तीस किलोमीटर."

मामांनी कप खाली ठेवला. "मग त्यात ऊस लावून भागायचं न्हाई, साखर कारखानाच लावाय पायजे. आन् पानी कुठनं सोडत्यात?"

"वरून नाही सोडत. सरीतूनच वर येतं."

"म्हंजी उलटी सरी." मामा कप घेऊन गेले. मुलं 'उलटी'वर खूप वेळ हसत राहिली. पाणी बाहेर फेकणाऱ्या सरीला तो शब्द दोन्ही अर्थांनी बसतो, हे मॅडमनीही मान्य केलं.

लॅटिनमध्ये सल्कस म्हणजे नांगराचा तासच. मेंदूवरच्या वळ्यांमधल्या खाचांनाही शरीरशास्त्रात तोच शब्द वापरतात. म्हणजे मामांनी केलं ते भाषांतर नव्हतं, त्यांनी मूळ शब्दच ओळखला होता. आणि आमच्या सूचीत एक 'डॉर्सम'ही होता, म्हणजे उंचवट्याची लांब धार. त्यासाठी आम्ही 'कणा', 'धार', 'सोंड' असं काय काय लिहून खोडलं होतं. मामांनी बोलता बोलता त्याचंही नाव देऊन टाकलं होतं. सरी आणि वरंबा. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात ही जोडी आम्हाला आधी सुचू नये याची आजही थोडी लाज वाटते.

तरी मॅडमचा मुद्दा शिल्लक होता : सरी माणूस पाडतो, ही तर आपोआप फुटलेली. 'भेग' जास्त खरा नाही का?

इथे मला शेवटी माझ्या हट्टामागचं कारण सापडलं. हे लॅटिन शब्द मुद्दाम असे निवडलेत की ते फक्त आकार सांगतात, तो आकार कसा झाला ते सांगत नाहीत. नाव देताना पुष्कळदा कारण कुणाला माहीत नसतं, आणि उद्या कारण बदललं तर नाव खोटं पडायला नको. 'भेग' म्हटलं की निकाल दिलाच : तडकली. एन्सेलॅडसवर तो निकाल बरोबर निघाला. पण सल्कस हा शब्द गॅनिमीडवरही आहे. तिथे उरुक सल्कससारखे शेकडो किलोमीटर पसरलेले पट्टे आहेत, शेजारी शेजारी खाचांचे आणि धारांचे. कवच ताणलं जाऊन झालेले असावेत असं मानतात, आणि तिथे फवारे वगैरे काही दिसत नाहीत. नांगरलेल्या रानाला भेगाळलेलं रान म्हणालात तर शेतकरी हसेल. एकच शब्द दोन्हीकडे चालायचा असेल तर तो आकाराचाच हवा. सरी चालते. भेग एन्सेलॅडसवर चालते, गॅनिमीडवर फसते. मॅडमनी पूर्ण दिवस विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सूचिपट्टीवर स्वतःच्या अक्षरात 'सरी' लिहून दिलं. त्याखाली 'पाणी असेलच असे नाही' अशी तळटीपही त्यांचीच.

एक बारीक प्रश्न उरला : 'दमास्कस सरी' की 'दमास्कसची सरी'? बोलताना 'ची' आपोआप येतो. पण दमास्कसची सरी म्हटलं की ती दमास्कस गावच्या शिवारात जाते. आपण कास पठार म्हणतो, अजिंक्यतारा किल्ला म्हणतो, तसं दमास्कस सरी.

खास नावांना हात लावायचा नाही असं ठरलं होतं, आणि जवळजवळ पाळलंही. फक्त ज्या गावांना मराठीत रुळलेलं नाव आहे तिथे तेच घेतलं. बॅसोरा हे काय आहे ते कुणालाच कळेना. मी बसरा म्हटल्यावर आठवीतली मुलगी म्हणाली, "आज्जीच्या नथीतले बसऱ्याचे मोती, त्येच बसरा?" तेच. मग 'बसरा चर' झाला. 'कॅशमीर' चक्क काश्मीर निघालं, आणि सरनदीप म्हणजे श्रीलंका. आपल्या बाजूची एवढी नावं त्या बर्फावर आहेत हे कळल्यावर मुलांचा उत्साह दुप्पट झाला.

पण दोन नावांनी छळलं : कॅम्फर सल्कस आणि एबनी डॉर्सम. ही गावंच आहेत, कथेतली कापराची आणि एबनीची बेटं, पण बर्टननं त्यांचं इंग्रजी केलेलं. नाव म्हणून तसंच ठेवायचं की शब्द म्हणून मराठीत आणायचं? नियमाप्रमाणे हात लावायला नको. पण अरबीत ते काफूर आहे, आणि काफूर व आपला कापूर एकाच घरातले, दोन्ही कर्पूर कुळातले. कॅम्फर लिहिणं म्हणजे शेजारच्या घरी जायला लंडनमार्गे प्रवास. आम्ही 'कापूर सरी' लिहिलं. एबनीला मुलांनी 'शिसवी वरंबा' लिहिलं, काळं लाकूड म्हणजे शिसव असं समजून, आणि मीही तपासलं नाही. दुसरा फ्लेक्स छापून आल्यावर त्यातल्या एकाच्या वडिलांनी, ते सुतारकाम करतात, पाहिल्या पाहिल्या सांगितलं की शिसव वेगळं आणि आबनूस वेगळं. अरबीतही तो शब्द आबनूसच आहे. एका मुलाचं म्हणणं, टेंभुर्णी ही आबनूसाच्याच जातकुळीतली, तेव्हा 'टेंभुर्णी वरंबा' करू. सोलापूर जिल्ह्यातून कुणीतरी चौकशीला येईल म्हणून ते राहिलं. कागदाची पट्टी कापून 'आबनूस' असं डकवलं.

प्रदर्शनात परीक्षकांपैकी एकांनी विचारलं, ही मराठी नावं शासनमान्य आहेत का? मुलगी म्हणाली, "न्हाई सर, मामांनी दिल्यात." मग तिनं खालची सूचिपट्टी दाखवली. तिथे प्रत्येक मराठी नावासमोर अधिकृत नाव देवनागरीतच दिलं होतं, म्हणजे शोधणाऱ्याला बसरा चर म्हणजेच बॅसोरा फॉसा हे कळावं. अधिकृत नाव बदललेलं नाही, आम्ही फक्त त्याला मराठीत कसं बोलायचं ते ठरवलंय, हे तिनं माझ्यापेक्षा नीट सांगितलं.

गावातल्या एका पाहुण्यांचा प्रश्न जरा अवघड होता. सगळी अरबी नावं, आपल्याकडचं एकही का नाही? अजिंक्यतारा नाव द्या की एखाद्या विवराला. मी त्यांना विषय ठरवून देण्याची पद्धत सांगितली : एन्सेलॅडसवर अजिंक्यतारा बसणार नाही, कारण तो त्या गोष्टीत नाही. पण शनीच्याच रियावर सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथांतली नावं चालतात आणि तिथे इंद्राच्या नावाचं विवर आहे. शुक्रावर बायकांची नावं देतात, तिथल्या एका विवराला आनंदीबाई जोशींचं नाव आहे. मंगळावरच्या लहान विवरांना छोट्या गावांची नावं देतात, त्यात बुलढाण्याचं लोणार आहे. ते म्हणाले, "मग कोरेगाव मंगळावर टाका." मुलांनी ते वहीत लिहून घेतलं.

बक्षीस दुसरं मिळालं. पहिलं ठिबक सिंचनाच्या मॉडेलला गेलं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

नकाशा आता प्रयोगशाळेत लावलाय. डिंकाची पट्टी उन्हानं एका कडेनं सुटलीय आणि आबनूसाच्या खालून 'शिस' एवढं दिसतं. मामा झाडू मारताना ती दर दोन दिवसांनी अंगठ्यानं दाबून बसवतात.